उरलेले आभार

गेल्या महिन्यात नागपुरात मानेवाड्याला नात्यातल्या एका घराची वास्तुशांती होती. पंगती उठल्या होत्या, वडाभातावर ओतलेल्या हिंगाच्या फोडणीचा वास अजून मांडवात रेंगाळत होता आणि बायका सतरंजीवर पाय मोकळे करून बसल्या होत्या. अशा वेळी बोलणे जिथे हमखास वळते तिथेच ते वळले: कोणाच्या घरी कोणते संकट आले आणि ते कसे टळले. माझ्या चुलत वहिनींनी माझ्या धाकट्या भावाच्या डेंग्यूची हकीकत सांगायला घेतली. त्या फार चांगले सांगतात. आवाज कुठे खाली आणायचा आणि कुठे थांबायचे, हे त्यांना उपजतच कळते. प्लेटलेट उतरत चालल्या होत्या, रोगराई नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीने रस्ते अडले होते, रक्त द्यायला निघालेला मावसभाऊ गर्दीत अडकला होता, आणि नेमका त्याच वेळी एक अनोळखी गृहस्थ पुढे आला, त्याने बाही वर केली आणि पोरगा वाचला. "देवच आला हो माणसाच्या रूपात," असे म्हणून वहिनींनी हात जोडले. ऐकणाऱ्या दोघीतिघींनी डोळे पुसले. त्यांच्या सांगण्यात खोटे काही नव्हते. तरीही घरी परतताना मला काहीतरी बोचत राहिले, आणि रात्री दिवा मालवल्यावर ते काय आहे हे ध्यानात आले.

त्या हकिकतीतून एक बाई गळून पडली होती.

ते दिवस पोळ्याचे होते. भावाचा ताप उतरला होता आणि आम्ही सगळे सुटकेच्या भावनेने मऊ भात, मुगाचे वरण करण्याच्या तयारीला लागलो होतो. डेंग्यूचे हेच क्रूर आहे, की ताप उतरतो तेव्हाच खरी काळजी सुरू होते. त्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब ढासळू शकतो, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट झपाट्याने खाली येतात. निरोगी माणसात त्या दर मायक्रोलिटर रक्तामागे दीड ते साडेचार लाख असतात. भावाच्या वीस हजारांच्या खाली गेल्या आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी एकाच दात्याकडून यंत्रावर काढलेल्या प्लेटलेट आणायला सांगितले. धंतोलीतल्या त्या अरुंद गल्ल्यांमधून, औषधांच्या दुकानांपुढे उभ्या असलेल्या स्कूटरींमधून वाट काढत मी रक्तकेंद्रात पोहोचले. तिथल्या बाकांवर गोंदिया, बालाघाट, यवतमाळ, छिंदवाडा अशा सगळीकडची माणसे बसली होती. नागपूरला दवाखान्यासाठी यावे लागणे हेच त्यांच्यापैकी अनेकांसाठी अर्धे संकट होते. प्रत्येकाच्या हातात एक कागद, मांडीवर एक पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली होती. स्पिरिटचा वास, पंख्याची घरघर, आणि एका कोपऱ्यात प्लेटलेटच्या पिवळसर पिशव्या संथपणे इकडून तिकडे हलवत ठेवणारे यंत्र. प्लेटलेट साध्या रक्तासारख्या थंडीत महिनाभर राहत नाहीत. त्यांना २० ते २४ अंशांत, सतत हलते ठेवावे लागते आणि एवढे करूनही त्या पाच दिवसच टिकतात. म्हणजे आज माझ्या भावाला वाचवू शकणारे जे काही होते, ते या आठवड्यातच कोणीतरी येऊन दिलेले असायला हवे होते. आणि डेंग्यूच्या दिवसांत साऱ्या शहराची मागणी त्याच पाच दिवसांवर येऊन पडते. मला सांगण्यात आले, की पिशवी शिल्लक नाही, दाता आणा.

मावसभाऊ इतवारीत राहतो. त्याचा रक्तगट जुळत होता आणि तो निघालाही होता. पण तो तान्ह्या पोळ्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते हे नागपूरकराला सांगायला नको. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची म्हणतात. त्या गर्दीतून रुग्णवाहिकाही मोठ्या कष्टाने निघते, मग एका दुचाकीची काय कथा. मावसभावाने फोन केला तेव्हा मागून ढोलांच्या गजरात ती आरोळी ऐकू येत होती, जी मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून स्वतः ओरडले होते: ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! त्या क्षणी मला ती आरोळी असह्य झाली. रोगराईला गावाबाहेर नेऊन जाळायला निघालेल्या त्या लोंढ्यामुळेच माझ्या घरच्या रोगावरचा उपाय अडला होता.

माझ्या शेजारच्या बाकावर काटोलकडचे एक गृहस्थ बसले होते. संत्र्याच्या बागेत वाकून वाकून पाठ थोडी पुढे आलेली, धुतलेला पण इस्त्री नसलेला पांढरा सदरा, पायांत रबरी चप्पल. ते सकाळपासून आलेले होते. त्यांच्या गावातली एक तरुण सून शेजारच्याच एका इस्पितळात दाखल होती आणि तिच्यासाठी त्यांच्या साऱ्या तपासण्या होऊन ते यंत्र मोकळे होण्याची वाट पाहत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, पलीकडचे ऐकले, एकदाच "हव" म्हटले आणि फोन खिशात ठेवला. काही वेळ ते तसेच भिंतीकडे पाहत बसून राहिले. मग उठले, खिडकीपाशी गेले आणि तिथल्या मुलीला विचारले, "मंग आता दुसऱ्या कोनाले पाह्यजे काय?"

त्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

मला एकदम काही बोलता आले नाही. रक्तगट जुळत होता, तपासण्या झालेल्या होत्या, यंत्र रिकामे होत आले होते. मी त्यांना म्हणायला हवे होते की दादा, तुम्ही आधी तिकडे जा, पण माझ्या तोंडून ते निघाले नाही, कारण ते खरोखरच निघून गेले असते तर काय, ही भीती शिष्टाचारापेक्षा मोठी होती. ती भीती त्यांनी ओळखली असावी. "तिचे कागद व्हायले दोन घंटे लागन, बाई," ते म्हणाले. "आलोच आहो तं देऊनच जातो. वापस काहून जाऊ?" यंत्राजवळ ते सव्वा-दीड तास पडून होते. एका नळीतून रक्त जायचे, प्लेटलेट वेगळ्या व्हायच्या, उरलेले परत त्यांच्याच शरीरात यायचे. ओठांभोवती मुंग्या येतात म्हणून त्यांना कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. ती चघळत ते मला अंबिया बहाराच्या फळगळीविषयी सांगत होते. ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवी संत्री झाडाखाली कशी सडा पडल्यागत पडतात, सकाळी बागेत जायची कशी हिंमत होत नाही, औषध मारूनही किती वाचतील याची कशी खात्री नसते. त्या सुनेविषयी ते एवढेच बोलले की तिला लहान मूल आहे. तिचे नाव विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि ते मला आजही ठाऊक नाही.

आता यात देव कुठे आला? वहिनींच्या सांगण्यात तो त्या गृहस्थांच्या रूपात आला. पण ते गृहस्थ माझ्या भावासाठी मोकळे झाले ते एका घरावर कोसळलेल्या आकाशामुळे. माझ्यासाठी धावून येणारा देव शेजारच्या इमारतीतून तिला सोडून धावत आला असे मानायचे, तर त्या देवापुढे मला हात जोडता येणार नाहीत. त्या सुनेच्या सासूनेही नवस बोलला असेलच. माझ्या आईने टेकडीच्या गणपतीला बोलला होता आणि शेजारच्या काकूंनी ताजबागेतल्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यातून आणलेला धागा भावाच्या उशाशी ठेवला होता. आमच्या गावात ही सरमिसळ कोणाला खटकत नाही. ज्या ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले, त्यांच्या दर्शनाला लोक त्या इस्पितळातच जाऊ लागले होते, आणि १९२५ मध्ये त्यांनी देह ठेवल्यानंतरही ती रीघ थांबलेली नाही. दुःखाच्या जागीच पवित्र काहीतरी सापडते असा या गावाचा जुना अनुभव आहे. पण आमचा नवस पोहोचला आणि तिच्या सासूचा पोहोचला नाही, असा हिशेब मांडणारी श्रद्धा मला नको आहे. ती सुखरूप घरी परतलेल्यांचीच श्रद्धा असते. तिला तिथेच बाकावर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाहता येत नाही.

याच्या उलट दुसरे उत्तरही सोपे आहे, आणि तेही मी स्वतःला अनेकदा देऊन पाहिले आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नागपूरची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. लाखात एखाद्यालाच दिवसभरात गाठावी अशी दुर्मीळ गोष्ट घेतली, तरी एवढ्या मोठ्या शहरात ती रोज चोवीस जणांना गाठणार. त्यांतला प्रत्येक जण रात्री घरी जाऊन थरारून सांगणार, आणि ज्यांना ती गाठली नाही ते काहीच सांगणार नाहीत, कारण न घडलेल्या गोष्टीची हकीकत होत नाही. बी पॉझिटिव्ह हा रक्तगट आपल्याकडे सर्रास आढळतो. डेंग्यूच्या दिवसांत रक्तकेंद्रात दाते असतातच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते. हे गणित बिनचूक आहे आणि त्याच्याशी माझे भांडण नाही. गणित एवढेच सांगते, की असा प्रसंग कोणाला तरी येणारच होता. "मंग आता दुसऱ्या कोनाले पाह्यजे काय" हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून का निघाले, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाही. फोन ठेवल्यानंतर तो माणूस उठून जाऊ शकत होता. नव्वद टक्के माणसे गेली असती, मीही गेले असते, आणि कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

वडील असताना आमच्याकडे संध्याकाळी गीता वाचली जाई. अठराव्या अध्यायात कार्य सिद्धीला जाण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. वडील या श्लोकापाशी नेहमी थांबत आणि म्हणत की लोक पहिली चार सोडून थेट पाचव्यावर जातात. वहिनींची हकीकत ऐकल्यावर मला त्यांचा तो स्वर आठवला. पिशव्या हलवत ठेवणारे ते यंत्र, रात्रपाळी करून लाल डोळ्यांनी सुई टोचणारा तंत्रज्ञ, यंत्रावर प्लेटलेट वेगळ्या करण्याची युक्ती कधीकाळी शोधून काढणारी माणसे, कागदावर रक्तगट नीट लिहिणारी खिडकीतली ती मुलगी, ही सगळी पहिल्या चारांत येतात. आणि ते गृहस्थ तर सर्वांत आधी. यंत्राजवळ पडल्या पडल्या त्यांनी सांगितले होते, की पूर्वी एका अपघातात गावातला एक मुलगा वेळेवर रक्त न मिळाल्याने गेला, तेव्हापासून गावातल्या धडधाकट माणसांची नावे रक्तगटासह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवली आहेत, आणि बोलावणे आले की ज्याचे नाव असेल त्याने निघायचे. त्यांचे नाव त्या यादीत पहिल्यापासून होते. मला जो योगायोग वाटला तो त्यांच्या बाजूने पाहिला तर वर्षानुवर्षांचा नेम होता.

हे एकदा दिसले की मग ते सगळीकडे दिसू लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी झोपलेल्या वस्त्यांत शिरले. त्या भागात राहणाऱ्या माझ्या एका ओळखीच्या कुटुंबाला खालच्या खोलीत झोपलेल्या आजीला वेळेत वर नेता आले, कारण समोरच्या घरातल्या बाईंनी आरडाओरड करून गल्ली जागी केली. त्या बाई त्या वेळी जाग्या कशा, तर अंधार असतानाच उठून पूजेची भांडी घासायची ही त्यांची लग्न झाल्यापासूनची सवय. आजी अजूनही म्हणतात की त्यांना देवाने उठवले. एका अर्थी खरेच आहे ते. फक्त त्याने त्यांना पंचवीस-तीस वर्षे रोज उठवले होते.

इंदोऱ्यात राहणारी माझी एक जुनी मैत्रीण आहे. आम्ही शाळेपासूनच्या. तिच्या आजी-आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला. आजीने त्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे घरात अजून जपून ठेवले आहे. वास्तुशांतीनंतर मी तिला हे सगळे बोलून दाखवले. तिने नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "तू सारखी रक्त देणाऱ्याबद्दल बोलते आहेस. डासाबद्दल का बोलत नाहीस?" मला उत्तर सुचले नाही. ती पुढे म्हणाली, की दुःखाला कारण असते आणि कारण असते म्हणूनच ते दूर करता येते, हे आमच्या घरी लहानपणापासून शिकवले गेले. ज्यांना शतकानुशतके सांगितले गेले की तुमचे हाल हे तुमच्या दैवात आहेत, त्यांच्यासाठी दैव हा शब्द किती महाग पडला आहे, हे तुला दुरून कळणार नाही. आभार मानायचे तर त्या माणसाचे मान, त्याच्या गावच्या भिंतीचे मान. आणि जी बाई गेली तिच्यासाठी काही करायचे असेल तर कारणापाशी जा.

कारण कूलरमध्ये होते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घाण पाण्यापेक्षा घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि नागपूरच्या घरांत त्याच्यासाठी कूलरहून चांगली जागा दुसरी नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास म्हणजे आमचे जगणे असते. त्या वासाशिवाय मला माझे बालपण आठवता येत नाही. पण पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो आणि टाकीत उरलेले पाणी तसेच राहते. आज ओततो, उद्या ओततो, असे म्हणता म्हणता पोळा येतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. माझ्या भावाला चावलेला डास कोणाच्या टाकीतला होता हे कधीच कळणार नाही. तोही एक योगायोगच. तो डास त्या दुपारी त्या खिडकीतून यावा आणि भाऊ तिथेच आडवा झालेला असावा. पण या योगायोगाला कोणी देवाची योजना म्हणत नाही. चांगला तेवढा त्याचा, वाईट तेवढा महापालिकेचा, ही वाटणी मला पटत नाही.

मैत्रिणीचे म्हणणे मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. तिच्याशी वाद घालून मला काही सिद्धही करायचे नाही. तरी त्या गृहस्थांचे आभार मानून झाले, तंत्रज्ञाचे मानून झाले, ज्या शास्त्राने ते यंत्र दिले त्याचे मानून झाले, की माझ्यापाशी काहीतरी उरते. ते कोणाला द्यावे हे मला कळत नाही. ते खूप आहे आणि कोणा एका माणसाचे नाही. एवढे मोठे दुःख कानावर पडल्यानंतर पुढच्या काही मिनिटांत एखाद्याच्या मनात दुसऱ्याचा विचार यावा, असे मन या जगात तयार होते, याबद्दल ते आहे. संत्री गळत असतानाही बागेला पाणी देत राहण्याचे बळ कुठून येते, याबद्दल आहे. आणि त्यात त्या सुनेचाही वाटा आहे, जी माझे काही देणे लागत नव्हती आणि जिच्यासाठी आलेले रक्त माझ्या घरी गेले. हे उरलेले घेऊन मी टेकडीच्या गणपतीला जाते. स्टेशनच्या बाजूने गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, शेंदराचा आणि दूर्वांचा वास येतो, आणि मी काही मागत नाही, कारण मागण्याची माझी हिंमत त्या दिवशीच गेली. आधी त्या बाईला आठवते, मग भावाला. याला श्रद्धा म्हणतात का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. मैत्रीण म्हणते, म्हण खुशाल, फक्त ती देवळातच ठेवून येऊ नकोस.

म्हणून पाऊस सुरू झाला की मी आमच्या इमारतीत घरोघर जाऊन कूलर रिकामे करायला सांगते. टाकी नुसती ओतून चालत नाही, कडेला चिकटलेली अंडी सुकूनही कित्येक महिने तग धरतात, म्हणून आतून घासावी लागते, हेही सांगते. पुष्कळजण ऐकतात. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र या वर्षी साफ नकार दिला. ऑक्टोबरचा उकाडा त्यांच्या यजमानांना सोसत नाही, कूलर एकदा आवरून ठेवला की पुन्हा कोण बसवून देणार, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खोटे नाही. दोघेच असतात, मुलगा पुण्याला. येत्या रविवारी मी भावालाच घेऊन जाणार आहे. टाकी तो घासून देईल, आणि दसऱ्याच्या सुमारास लागलाच तर कूलर पुन्हा जोडूनही देईल.